पडद्यावरचे दैवत आणि प्रेक्षकाचे स्थान : गिरगाव, मेक्सिको आणि लिंगोबाचा डोंगर

१

चित्रपटविषयक मराठी समीक्षेत 'पौराणिक चित्रपट' आणि 'मिथकाधिष्ठित चित्रपट' या दोन संज्ञा आता बऱ्यापैकी रुळल्या आहेत. त्यांचा वापर मात्र विचारपूर्वक होतो असे दिसत नाही. राम, कृष्ण, हरिश्चंद्र यांच्या कथांवरील चित्रपट आपल्या लेखी पौराणिक ठरतात. ग्रीकांच्या किंवा मेक्सिकोतील ॲझ्टेकांच्या देवतांवरील चित्रपटांना आपण मिथकाधिष्ठित म्हणतो. पदव्युत्तर वर्गात साहित्य आणि चित्रपट यांचे नाते शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने या सवयीवर बोट ठेवले. "त्यांचे देव मिथक आणि आपले देव पुराण, हे कोणी ठरवले, सर?" असा तिचा प्रश्न होता. त्या तासाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा उशिरा केलेला पाठपुरावा आहे.

'मिथक' हा हिंदीच्या वाटेने आलेला शब्द मराठी कानाला 'मिथ्या'च्या फार जवळचा वाटतो. 'दैवतकथा' वा 'प्राक्कथा' हे पर्याय सुचवले गेले, वापरलेही गेले. पण परक्यांच्या देवांसाठी 'मिथक' आणि स्वकीयांसाठी 'पुराण' ही वाटणी टिकून राहिली. वरवर पाहता हा केवळ परिभाषेचा गोंधळ वाटेल. माझ्या मते त्याच्या मुळाशी एक वाङ्मयीन प्रश्न आहे. दैवत पडद्यावर आले की चित्रपट प्रेक्षकाला त्या दैवताच्या संदर्भात कोठे तरी बसवतो : समोर, शेजारी, किंवा भिंतीपलीकडे सुरक्षित अंतरावर. पौराणिक आणि मिथकाधिष्ठित हा भेद कथावस्तूत सापडत नाही. तो या बसवण्यात सापडतो. हे दाखवण्यासाठी गिरगाव-दादरच्या आरंभीच्या मराठी पौराणिक चित्रपटांशेजारी ॲझ्टेक देवतांचे चित्रपट ठेवून पाहावेत, असा येथे प्रयत्न आहे.

२

आरंभ गिरगावातूनच करावा लागतो. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. ही घटना इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातले वैशिष्ट्य आपल्या नजरेतून निसटते. पुढे 'नवयुग' मासिकातील लेखांत फाळक्यांनी स्वतः सांगितले आहे की, पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला, शास्त्रीपंडितांच्या घरातला हा प्रेक्षक परक्याच्या देवासमोर बसला आहे. पण तो भिंतीपलीकडे बसलेला नाही. समोरचे दैवत कोणाचे तरी खरे दैवत आहे, त्याच्यासमोर कोणी तरी हात जोडत असेल, हे गृहीत धरल्याशिवाय त्याच पडद्यावर आपले दैवत कल्पिणे शक्यच नव्हते. मराठी पौराणिक चित्रपटाचा उगम परदैवताकडे अनादर न करता पाहण्यात आहे, ही गोष्ट स्वदेशीच्या अभिमानापोटी आपण सहसा अधोरेखित करीत नाही.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. १९१२ मध्ये फाळके लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, दादरच्या मेन रोडवरील (आताच्या दादासाहेब फाळके मार्गावरील) मथुरा भवनात चित्रीकरण झाले आणि ३ मे १९१३ रोजी सँडहर्स्ट रोडवरील कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. आदल्या वर्षी त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचे 'श्री पुंडलिक' दाखवले गेले होते. फाळक्यांनी त्याआधी रविवर्मा छापखान्यासाठी काम केलेले होते. देवघराच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरीतली सीता आणि पडद्यावर हलणारी सीता यांच्यात प्रेक्षकाला परके वाटावे असे अंतर उरले नव्हते, याचे एक कारण तेथे आहे.

३

आता १९१७ हे एकच वर्ष घेऊ. या वर्षी फाळक्यांचा 'लंकादहन' आला. अण्णा साळुंके या नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. गिरगावच्या वेस्ट एंड चित्रगृहात त्याचे खेळ सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत लागत आणि जमलेली चिल्लर बैलगाडीतून न्यावी लागे, अशा हकिकती नोंदलेल्या आहेत. राम पडद्यावर दिसताच प्रेक्षक लोटांगण घालीत, असेही सांगितले जाते. हकिकतींत अतिशयोक्ती असेल. पण त्या जे गृहीत धरतात ते महत्त्वाचे. प्रेक्षक येथे दैवताच्या समोर आहे. पाहणे म्हणजे दर्शन घेणे.

याच १९१७ मध्ये हॉलिवूडमध्ये सेसिल बी. डीमिल यांनी 'द वूमन गॉड फरगॉट' हा मूकपट काढला. स्पॅनिश आक्रमकांनी १५२१ मध्ये जिंकून उद्ध्वस्त केलेल्या तेनोच्तित्लान या नगराची ही कथा. सम्राट मोक्तेसुमाची कन्या तेक्सा एका स्पॅनिश सरदाराच्या प्रेमात पडते आणि त्याचा बळी जाऊ नये म्हणून स्वजनांचा घात करते. प्रचंड पिरॅमिड, पिसांचे मुकुट, बळी देण्यास सिद्ध पुरोहित अशी सारी सिद्धता आहे. शीर्षकातला 'देव' मात्र एकवचनी आहे आणि तो ॲझ्टेकांचा नव्हे. येथला प्रेक्षक पिरॅमिडखाली उभ्या असलेल्या भाविकांत बसलेला नाही. तो बंदी सरदाराच्या जागी बसलेला आहे. दैवताचे त्याला दर्शन होत नाही, धास्ती वाटते.

यावर सहज आक्षेप येईल की हा फरक कथावस्तूचाच आहे : ॲझ्टेकांच्या धर्मात नरबळी होता, आपल्या पुराणकथेत सत्यवचन आहे. पैकी पहिला भाग नाकारण्याचे कारण नाही. मेक्सिको शहरात २०१५ पासून झालेल्या उत्खननांत मानवी कवट्यांची भव्य रचना उघडकीस आली आहे. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश वृत्तांतांत अतिरंजन असले तरी ते निव्वळ कल्पित नव्हते. प्रश्न दुसऱ्या भागाचा आहे, आणि तेथे आपल्या पहिल्या चित्रपटाचा नायकच अडचण उभी करतो.

फाळक्यांचा हरिश्चंद्र मार्कंडेय पुराणाच्या परंपरेतला आहे : विश्वामित्राला राज्य देणारा, डोंबाघरी राबणारा, पत्नीवर शस्त्र उगारण्याची पाळी आलेला सत्यनिष्ठ राजा. याच राजाची याहून जुनी कथा ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत आहे. तेथे निपुत्रिक हरिश्चंद्र वरुणाकडे पुत्र मागतो आणि तोच पुत्र तुला बळी देईन असे कबूल करतो. रोहित जन्मतो. हरिश्चंद्र एकेक सबब सांगून वेळ काढतो, अखेर रोहित रानात निघून जातो आणि राजाला जलोदर होतो. रोहित मग अजीगर्त नावाच्या भुकेलेल्या ब्राह्मणाकडून त्याचा मधला मुलगा शुनःशेप शंभर गाईंना विकत घेतो. यज्ञात त्याला यूपाला बांधायला कोणी तयार होत नाही. आणखी शंभर गाई घेऊन बापच त्याला बांधतो आणि पुन्हा शंभर घेऊन त्याला मारण्यासाठी सुरी परजीत पुढे येतो. मुलगा देवांची स्तुती करू लागतो, पाश एकामागून एक गळून पडतात, आणि तो सुटतो.

या कथेचा अर्थ विद्वानांनी अनेक प्रकारे लावला आहे. नरबळीचा निषेध म्हणूनही ती वाचली जाते. माझा मुद्दा मर्यादित आहे. कल्पना करावी की डीमिलसारख्या दिग्दर्शकाने ही संहिता उचलली असती : यूप, बांधलेला मुलगा, सुरी परजणारा बाप, आजारी राजा. त्या चित्रपटात आपण ॲझ्टेक झालो असतो. फाळक्यांनी निवडलेली कथा वेगळी होती हे खरे. पण निवड करण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता, आणि कोणत्या कथेने दैवताच्या समोर बसता येते हे त्यांना आतून ठाऊक होते, हे त्याहून खरे.

४

नरबळी हीच जणू ॲझ्टेक दैवतकथेची एकमेव घटना, असा समज चित्रपटांनी दृढ केला. त्या कथांत काय होते हे पाहण्यासाठी बेर्नार्दिनो दे साहागुन किंवा दिएगो दुरान या सोळाव्या शतकातील धर्मोपदेशकांनी जमवलेल्या सामग्रीकडे वळावे लागते. 'ॲझ्टेक' हे नावही मुख्यतः एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. तेनोच्तित्लानचे लोक स्वतःला मेशिका म्हणवीत. त्यांच्या एका कथेत केत्साल्कोआत्ल, म्हणजे पिसांचा सर्प, हा देव पाताळात उतरतो, पूर्वीच्या मानवांची हाडे घेऊन येतो, त्यांचे पीठ केले जाते आणि त्यावर तो स्वतःचे रक्त शिंपडतो. त्यातून आजची माणसे होतात. माणसाने द्यायचे ते परतफेड म्हणून. आधी देवाने दिले आहे.

दुरानने नोंदवलेली दुसरी कथा तर आपल्याकडील एखाद्या ओवीत सहज सामावेल. पहिला मोक्तेसुमा आपल्या पूर्वजांच्या मूळ भूमीला, आस्त्लानला, दूत पाठवतो. तेथे युद्धदेव वित्सिलोपोच्त्लीची आई कोआत्लिक्वे भेटते. मुलगा निघून गेला त्या दिवसापासून तिने तोंड धुतलेले नाही, केस विंचरलेले नाहीत. मी परत येईन असे सांगून तो गेला, तो आला नाही, अशी तिची तक्रार आहे. राजवैभवात जड झालेल्या दूतांचे पाय टेकडीच्या वाळूत रुततात, आणि तिथला म्हातारा सेवक त्यांना विचारतो की तुम्ही असे काय खाता. देवाची आई मुलाची वाट पाहत अंगणात बसली आहे, हे चित्र डीमिलच्या पिरॅमिडवरून दिसणे शक्य नव्हते.

लॅरी कोहेन यांच्या 'क्यू' (१९८२) या चित्रपटात तोच पिसांचा सर्प न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीच्या शिखरात घरटे करतो आणि गच्चीवरच्या माणसांना उचलून नेतो. शहरात एक गुप्त पुजारी बळी देत असतो. बळींची कातडी सोलण्याचा जो विधी येथे केत्साल्कोआत्लला चिकटवला आहे, तो मुळात शिपे तोतेक या वेगळ्याच देवतेशी निगडित होता. आणि ज्या देवाविषयी मनुष्यबळी नको म्हणणारा अशी आख्यायिका प्रचलित आहे, त्याच्याच नावावर हे सारे खपवले गेले. चित्रपट करमणुकीचा आहे, थोडा विनोदीही आहे, त्याला पंडिती निकष लावू नयेत हे मान्य. पण शेवट पाहावा : पोलीस गोळ्यांचा वर्षाव करतात आणि देव मरून पडतो. प्रेक्षागृहात कोणालाही सुतक नाही.

याच्याशेजारी दुसरा सर्प ठेवू. फाळक्यांचा 'कालियामर्दन' (१९१९) सुदैवाने बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. यमुनेच्या डोहात पाण्याखाली बालकृष्ण आणि कालिया यांचे युद्ध होते. नागपत्नी हात जोडतात. कृष्ण कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो. भागवताच्या दशम स्कंधानुसार कालियाला मारले जात नाही, रमणक द्वीपाकडे पाठवले जाते, आणि मस्तकावरील कृष्णपदांच्या खुणांमुळे गरुडापासून त्याला अभय मिळते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या न मारण्यात नागपूजेशी झालेली तडजोड पाहिली. कथेतच दुसऱ्या दैवताला जागा ठेवलेली आहे, आणि चित्रपटाने ती बुजवलेली नाही.

'कालियामर्दन'चा आरंभ मला याहून महत्त्वाचा वाटतो. कृष्णाची भूमिका करणारी फाळक्यांची कन्या मंदाकिनी आधी आपल्या चेहऱ्याने, कॅमेऱ्याकडे तोंड करून, निरनिराळे भाव दाखवते. मग ती बालकृष्ण होते. म्हणजे ही नटी आहे, लहान मुलगी आहे, हे प्रेक्षकाला आधीच सांगून ठेवले आहे. १९१७ मध्ये 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढून फाळक्यांनी पडद्यामागची किमयाही उघड केली होती. तरी प्रेक्षक हात जोडत होते. भाबडेपणाने नव्हे; दशावतारात किंवा कीर्तनात सोंग आणि देव एकाच वेळी पाहण्याची सवय त्यांना होती. गिरगावचा प्रेक्षक फसला म्हणून त्याने नमस्कार केला असे म्हणणारी समीक्षा स्वतः फसलेली आहे.

५

समोर बसलेल्या प्रेक्षकाला आणखी एक स्वातंत्र्य असते. 'संत तुकाराम' (१९३६) गिरगावच्या सेंट्रल सिनेमात वर्षभराहून अधिक काळ चालला. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाविषयी लिहिताना विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेचे वर्णन करण्याचा प्रघात आहे. दैवतविचाराच्या दृष्टीने मात्र गौरी यांनी केलेली जिजाई केंद्रस्थानी आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती देवळात शिरते आणि हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारते. प्रेक्षकाला येथे धक्का बसत नाही. घरच्या माणसाशी भांडावे तसे ती भांडते, आणि देवही घरच्या माणसासारखा ऐकून घेतो. हॉलिवूडच्या कोणत्याही चित्रपटात वित्सिलोपोच्त्लीशी कोणी भांडलेले मी पाहिलेले नाही. त्याच्यासमोर किंकाळ्या फोडतात किंवा मंत्र पुटपुटतात. ज्या दैवताशी भांडता येत नाही ते दैवत चित्रपटापुरते मेलेलेच असते.

याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्ताचे गीत अनेकांना तुकोबांचा अस्सल अभंग वाटले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. वाङ्मयाच्या अध्यापकाला ही घटना लाजिरवाणी वाटण्याचे कारण नाही. श्रोता आत बसलेला असेल तर परंपरेत नवी भर पडते आणि ती जुनी म्हणून स्वीकारली जाते. 'जय संतोषी माँ' (१९७५) या हिंदी चित्रपटाने तर, व्रतकथेच्या पुस्तिकांतून मर्यादित वर्तुळात पूजल्या जाणाऱ्या देवतेला देशभर देवळे मिळवून दिली. शुक्रवारी चित्रपटगृहात पादत्राणे बाहेर काढून बसणाऱ्या, पडद्याला ओवाळणाऱ्या स्त्रियांची हकिकत आमच्या पिढीने घराघरांत ऐकली आहे. मुंबईच्या समीक्षकांनी त्या वेळी नाके मुरडली. पडद्यावरून देव्हाऱ्यात गेलेल्या देवतेचा अभ्यास मराठीत अजून नीट व्हायचा आहे.

मेक्सिकोत असा आतला प्रेक्षक कल्पिण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला, त्याची नोंद घेतली पाहिजे. हुआन मोरा कातलेत यांचा 'रेतोर्नो आ आस्त्लान' (१९९०) हा चित्रपट पूर्णपणे नाहुआत्ल भाषेत आहे. दीर्घ अवर्षणात राजा मोक्तेसुमा विसरल्या गेलेल्या कोआत्लिक्वेकडे दूत पाठवतो, असे त्याचे कथासूत्र. म्हणजे वर सांगितलेल्या दुरानच्या कथेचाच आधार. येथे एकही स्पॅनिश पात्र नाही. मेक्सिकोतील बहुसंख्य प्रेक्षकांनाही पडद्याखालची भाषान्तरे वाचूनच तो समजून घ्यावा लागला. नाहुआत्ल बोलणारे लोक आजही दहा लाखांहून अधिक आहेत, ही गोष्ट आपण ॲझ्टेकांना 'लुप्त संस्कृती' म्हणताना विसरतो. मेल गिब्सन यांच्या 'अपोकॅलिप्टो'त (२००६) देखील देशी भाषा आहे, माया लोकांची युकातेक भाषा. पण बळीची जी दृश्ये तेथे आहेत ती अभ्यासकांच्या मते मायांपेक्षा ॲझ्टेकांच्या वर्णनांना जवळची आहेत. भाषा देशी केल्याने प्रेक्षकाची बैठक आपोआप बदलत नाही.

६

येथवर लेख वाचून आपली परंपरा उजवी आणि हॉलिवूडची डावी असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मला अभिप्रेत नाही. १९१७ चे ते दोन चित्रपट पुन्हा शेजारी ठेवावेत. एकात तेनोच्तित्लान पडते, दुसऱ्यात लंका जळते. दोन्हीकडे परक्यांचे नगर आहे, दोन्हीकडे प्रेक्षक त्या नगरात राहणारा नाही. लंकेतल्या राक्षसांचेही देव होते. रावण स्वतः शिवभक्त. पण लंका जळताना गिरगावचा प्रेक्षक टाळ्या वाजवतो. भाविकाची बैठक आपल्या दैवतापुरती आत असते. इतरांच्या बाबतीत ती डीमिलच्या प्रेक्षकाइतकीच बाहेर असू शकते.

अर्थात त्या टाळ्यांत आणखी काही मिसळलेले असू शकते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकातील कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झन पाहिला होता आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली होती. दादरला ज्यांचा स्टुडिओ होता त्या कोहिनूर कंपनीच्या 'भक्त विदुर' (१९२१) या चित्रपटातील विदुरात गांधीजी दिसतात म्हणून मद्रास आणि कराचीत तो रोखला गेला. पुराणातला असुर कोण, हे पाहणाऱ्याने वेळोवेळी ठरवले आहे. सरकारही एक प्रेक्षकच होते, आणि आपण कोठे बसवले गेलो आहोत हे त्याला बरोबर कळले.

परंतु आपली खरी कसोटी पुराणांत लागत नाही. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबा, लज्जागौरी, विठ्ठल यांच्या अभ्यासातून दाखवून दिले की मराठी मुलखातील दैवतांचा मोठा भाग पुराणांच्या बाहेर वाढला आणि पुढे पुराणांत ओढला गेला. आरंभीच्या चित्रपटांनी या बाहेरच्या दैवतांकडे फारसे पाहिले नाही. कोकण आणि घाटावरून परळ-लालबागच्या गिरण्यांत आलेला कामगार आपल्याबरोबर जे देव घेऊन आला, त्यांत वेतोबा होता, म्हसोबा होता, भैरोबा होता. त्याला पडद्यावर दिसले ते अयोध्येचे आणि गोकुळाचे देव.

म्हणूनच 'जैत रे जैत' (१९७७) हा चित्रपट या विवेचनात अटळ ठरतो. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेल्या या चित्रपटात ठाकर समाजाचे दैवत आहे, लिंगोबाचा डोंगर आहे, त्याच्या कड्यावर लटकलेली मधमाश्यांची पोळी आहेत. भगताचा मुलगा नाग्या पुण्यवंत होऊ पाहतो, कारण पुण्यवंताला राणीमाशी दिसते अशी श्रद्धा आहे. माश्या त्याचा एक डोळा घेतात. तो सूडाने पेटतो; नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या पाठीशी उभी राहते. पोळी उतरवली जातात, आणि चिंधी प्राणास मुकते.

हा चित्रपट पाहणारा शहरी, मध्यमवर्गीय प्रेक्षक कोठे बसलेला आहे? ठाकर त्याच्या नात्यातले नाहीत. लिंगोबाला त्याने कधी नवस बोललेला नाही. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत त्याच्यासाठी योजलेले आहे. कादंबरीकार, दिग्दर्शक, कवी, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्यासारखे नट, कोणीही त्या वाडीतले नाही. म्हणजे रचनेच्या दृष्टीने ही डीमिलचीच परिस्थिती आहे : एका समाजाचे दैवत, दुसऱ्या समाजाचा कॅमेरा. तरीही परिणाम डीमिलचा होत नाही. कारण नाग्याचे लिंगोबाशी भांडण आहे. त्याने डोंगराकडे काही मागितले होते, ते नाकारले गेले, आणि तो जाब विचारायला कड्यावर चढतो. जिजाई ज्या वाटेने देवळात शिरली तीच ही वाट. आपण लिंगोबाचे भक्त होत नाही, पण भांडणाऱ्याच्या बाजूला उभे राहिल्यावर दैवत खरे मानावेच लागते. 'समोर' आणि 'पलीकडे' यांखेरीज तिसरी एक बैठक आहे, शेजारची. ती या चित्रपटाने दाखवली.

तीतही अडचण आहे, हे लपवू नये. गीतांच्या मोहिनीत ठाकरांचे दारिद्र्य देखणे होते, आणि चिंधीचे मरण फार लवकर काव्य होते. तो चित्रपट ठाकरवाडीत दाखवला तर तेथला प्रेक्षक कोठे बसेल, हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी विचारला आणि मी तो प्रबंधविषय म्हणून त्यांच्यापुढे ठेवला आहे.

७

परिभाषेकडे परत येतो. आमच्या अभ्यासक्रमाच्या टिपणांत मी आता दोन्हींसाठी 'दैवतकथापट' हा एकच शब्द वापरू लागलो आहे. शब्द ओबडधोबड आहे आणि सहकाऱ्यांना तो रुचलेला नाही. त्यांचा आक्षेप असा की, ज्या देवांची पूजा आज होते आणि ज्यांची होत नाही त्यांना एका पंगतीत बसवणे शास्त्रीय नाही. या आक्षेपाला उत्तर म्हणून मी त्यांना मेक्सिको शहरातली एक घटना सांगतो.

१७९० च्या ऑगस्टमध्ये तेथल्या मुख्य चौकात खोदकाम चालू असताना कोआत्लिक्वेची प्रचंड पाषाणमूर्ती सापडली. कमरेला सर्पांचा घागरा, गळ्यात हात आणि हृदये यांची माळ, आणि मस्तकाच्या जागी समोरासमोर आलेले दोन सर्प. पुरातन वस्तू म्हणून ती विद्यापीठाच्या आवारात हलवण्यात आली. पाडावानंतर पावणेतीनशे वर्षे लोटली होती आणि त्या देवतेची पूजा करणारे कोणी उरले नाही असे सर्वांनी धरले होते. तरी आसपासचे मूलनिवासी लोक येऊन तिच्यापुढे फुले ठेवू लागले, मेणबत्त्या लावू लागले. तेव्हा विद्यापीठाने ती पुन्हा जमिनीत पुरली. १८०३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट तेथे गेला, त्याने पाहण्याची इच्छा दर्शवली म्हणून ती उकरून काढली, आणि त्याचे पाहून झाल्यावर परत पुरली.